ड्यूटीचे पैसे एजंटच्या खात्यात टाकले आणि सव्वाचार लाख गेले, कृपया वाचा

माल चायनाचा होता पण फसवलं चायनावाल्याने नाही, हे आधीच सांगते, कारण ज्याला ज्याला सांगितलं तो पहिलं हेच म्हणाला की चायनाशी धंदा करायला कुणी सांगितलं होतं.

आमचं भोसरी एमआयडीसीत कागदी पिशव्यांचं छोटं युनिट आहे, मी आणि माझा धाकटा भाऊ दोघं मिळून चालवतो. १ जुलै २०२२ला सिंगल यूज प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि त्यानंतर मिठाईवाले, मेडिकलवाले, कपड्यांची दुकानं सगळीकडून विचारणा वाढली, सात-आठ बायका हाताने पिशव्या चिकटवायच्या त्यात काही भागेना. म्हणून ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं ठरवलं, बँकेचं लोन काढलं. ही मशीनं बनवणारे कारखाने वेंझोजवळ रुइआन म्हणून शहर आहे तिथे भरपूर आहेत. ३० टक्के अॅडव्हान्स, उरलेले ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याची पावती) कॉपी आल्यावर, असा व्यवहार ठरला. आम्ही चार-चार वेळा व्हिडिओ कॉल केले, आपला कागद कुरिअरने पाठवून त्यावर ट्रायल घ्यायला लावली, मशीनवरची नंबर प्लेट जवळून दाखवायला लावली. सगळं लक्ष तिकडे होतं. तिकडच्या निंगबो बंदरातून कंटेनर निघाला, तारखेला इकडे न्हावा शेवा बंदराला पोचला, मशीन एक नंबर निघालं. आजही चालू आहे.

फसवणारा इथलाच होता, अस्खलित मराठी बोलणारा, पहिल्या फोनपासून मला ताई म्हणणारा.

इम्पोर्टवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा नंबर मिळाला. व्हिजिटिंग कार्डवर सीएचए लिहिलेलं, खाली लायसन्स नंबर. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचए म्हणजे कस्टम हाउस एजंट, आपल्या वतीने कस्टम्समधून माल सोडवून देणारा. कागदोपत्री त्याला २०१३ पासून कस्टम्स ब्रोकर म्हणतात पण बोलताना अजून सगळे सीएचएच म्हणतात.) मी लायसन्स नंबर बघून समाधान मानलं. तो नंबर खरा होता, पण त्याचा नव्हता, मुंबईतल्या एका दुसऱ्याच ब्रोकर फर्मचा होता. हा माणूस मधला, पार्ट्या गोळा करायचा आणि फाइल त्या फर्मकडे ढकलायचा, त्यांना एका फाइलमागे ठरलेले पैसे द्यायचा. नियमाप्रमाणे ब्रोकरने प्रत्येक क्लायंटकडून स्वतः ऑथोरायझेशन (अधिकारपत्र) घ्यायला पाहिजे, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), जीएसटी नंबर, पत्ता खरा आहे का ते तपासायला पाहिजे, आणि लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. २०१८च्या कस्टम्स ब्रोकर लायसन्सिंग रेग्युलेशन्समध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. मी ते वाचलं ते पैसे गेल्यावर.

त्याने आमच्या लेटरहेडचे पाच कोरे कागद सही-शिक्क्यासकट कुरिअरने मागवले. म्हणाला, "ताई, ऐनवेळी एखादं डिक्लरेशन लागलं तर तुम्ही पुण्यात, मी उरणला, कुठे पळापळ करणार?" मला ते पटलं. भाऊ नको म्हणत होता, मीच पाठवले, तेव्हा ही चूक माझी.

आता हिशोब सांगते, कारण त्याने सगळा हिशोब बरोबर सांगितला होता आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. मशीनची कस्टम्सच्या हिशोबाने किंमत, म्हणजे फ्रेट-इन्शुरन्स धरून, १५ लाख ४० हजार. बेसिक ड्यूटी साडेसात टक्के म्हणजे १,१५,५००. त्या ड्यूटीवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ११,५५०. मग या सगळ्याची बेरीज करून त्यावर १८ टक्के आयजीएसटी, तो आला ३,००,०६९. एकूण ४,२७,११९. आमच्या सीएने पण तपासलं, एक रुपयाचा फरक नाही. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा फॉर्म) पण खरीच भरली होती, नंबर खरा, तारीख खरी. खोटं फक्त एकाच ठिकाणी होतं.

कंटेनर ६ जून २०२३ला उतरला. ९ तारखेला, शुक्रवारी, दुपारी साडेतीनला त्याचा फोन आला की असेसमेंट झालंय (म्हणजे ड्यूटी किती ते ठरलंय), आजच्या आज ड्यूटी भरावी लागेल नाहीतर सोमवारपर्यंत व्याज आणि भाडं दोन्ही चढेल. मी म्हटलं ठीक आहे, आम्ही आमच्या नेट बँकिंगने भरतो. तर म्हणाला आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या वेबसाइटवर, नवीन लेजर सिस्टीम आलीये, इम्पोर्टरकडून पेमेंट केलं की अडकतंय, आमच्या लॉगिनने लगेच होतं, तुम्ही फक्त आमच्या अकाउंटला आरटीजीएस करा. यात खोटं ओळखायला जागाच नव्हती, कारण १ एप्रिल २०२३ पासून खरंच इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर (आधी पैसे जमा करून त्यातून ड्यूटी भरायचं खातं) सुरू झालं होतं आणि सुरुवातीचे काही दिवस पेमेंट खरंच अडकत होती, आमच्या ओळखीच्या दोघांची अडकलेली. पण ते एप्रिलमध्ये, हा जून होता. अर्ध्या तासात बँक बंद होईल या घाईत मी ४,२७,११९ अधिक त्याची फी ३८,०००, दोन्ही पाठवले. खातं कुठल्यातरी ट्रेडिंगच्या नावाने होतं, तेही मी बघितलं आणि तरी पाठवले.

संध्याकाळी सहाला ड्यूटी भरल्याच्या चलनाची पीडीएफ आली. वरती आमच्या फर्मचं नाव, आयईसी, बिल ऑफ एंट्रीचा नंबर, रक्कम, सगळं बरोबर. मी ती प्रिंट काढून फाइलला लावली. नंतर सतरा दिवसांनी तीच प्रिंट टेबलावर ठेवून आम्ही एकेक अक्षर वाचलं तेव्हा दिसलं की पोर्ट कोडच्या जागी आयएनबीओएम४ लिहिलंय. तो सहारच्या एअर कार्गोचा कोड. आमचा माल समुद्राने आलेला, न्हावा शेवाचा कोड आयएनएनएसए१. दुसऱ्या कुणाच्यातरी विमानाने आलेल्या मालाचं चलन घेऊन त्यात आमचे आकडे बसवले होते आणि तेवढी एक ओळ बदलायची राहिली होती. त्या चार-पाच अक्षरांकडे मी त्या दिवशी बघितलं असतं तर शुक्रवारी संध्याकाळीच बँकेला फोन करता आला असता, हे अजून मनातून जात नाही.

पुढचे दोन आठवडे नुसत्या सबबी. आधी एक्झामिनेशनला, म्हणजे माल तपासायला, ऑफिसर नाही. मग १३ तारखेला म्हणाला गाडी निघाली होती पण पालख्यांमुळे पुण्याचे रस्ते बंद म्हणून वाशीलाच थांबवलीये, आणि पालख्या खरंच त्या दिवशी पुण्यात मुक्कामाला होत्या, माझी आई दर्शनाला गेलेली, मी कशाला शंका घेऊ. मग शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर (माल द्यायचं पत्र) अडकली, मग सीएफएसचा (बंदराबाहेर कंटेनर ठेवतात त्या यार्डाचा) सर्व्हर डाऊन. प्रत्येक गोष्ट अशी की जी खरंच घडते. २४ तारखेला शनिवारी फोन लागेना. रविवारी मुंबईत पाऊस लागला, सोमवारी २६ला सकाळी भाऊ आणि मी त्या पावसात उरणला निघालो.

गव्हाण फाट्यापासून ट्रेलरच्या रांगा, सीएफएसच्या गेटवर पोचायला दुपार झाली. खिडकीतल्या मुलाने कंटेनर नंबर टाकला आणि काही न बोलता स्क्रीनच आमच्याकडे फिरवली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मग तोच म्हणाला, "मॅडम, ड्यूटीच भरलेली नाही, आउट ऑफ चार्ज कुठून येणार?" आउट ऑफ चार्ज म्हणजे कस्टम्सची माल न्यायची परवानगी. मी ती चलनाची प्रिंट काचेतून आत सरकवली. त्याने ती बघितली, परत दिली आणि भावाला म्हणाला, दादा आधी पोलिसात जा. बाहेर यार्डात आमचा कंटेनर दिसत होता, तीन उंच रचलेल्यात मधला, सील जसंच्या तसं. माल होता तिथेच होता, वीस दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता.

तिथून पुढे घड्याळ पळायला लागलं. शिपिंग लाइनचे कंटेनरचे फ्री दिवस १४ होते ते १९ जूनलाच संपलेले, त्यानंतर पहिला आठवडा रोज ३० डॉलर आणि मग रोज ६०. सीएफएसचं भाडं वेगळं. आणि माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकता येतो, कस्टम्स अॅक्टचं कलम ४८. म्हणजे आमच्याकडे ६ जुलैपर्यंतच वेळ होता. ज्याच्या लायसन्सवर बिल ऑफ एंट्री भरली होती त्या फर्मच्या ऑफिसात गेलो तर म्हणे आमचा पैशाशी संबंध नाही, आमच्याकडे तुमचं ऑथोरायझेशन लेटर आहे. ते आमचंच कोरं लेटरहेड होतं, वर मजकूर टाइप केलेला. कस्टम्सच्या ब्रोकर सेक्शनला लेखी तक्रार देतो म्हटल्यावर तीन दिवसांनी एनओसी दिली, म्हणजे दुसऱ्या ब्रोकरकडे जायला हरकत नाही असं पत्र. तक्रार आम्ही तरीही दिली.

दुसरा ब्रोकर आमच्या सीएच्या ओळखीने मिळाला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ड्यूटीचा एक रुपया माझ्या खात्याला टाकायचा नाही. भावाला आइसगेटवर आमचं स्वतःचं लॉगिन करायला लावलं, बिल ऑफ एंट्री शोधून दाखवली, तिथे आमच्या नावापुढे पेमेंट बाकी असल्याचं जूनपासून दिसत होतं. पैसे मात्र परत उभे करावे लागले, आईची एफडी मोडली आणि भावाच्या सासऱ्यांनी दीड लाख दिले. ५ जुलैला आमच्या बँकेतून आमच्या लॉगिनने भरले आणि पंधरा मिनिटांत स्टेटस बदललं. लॉगिनशिवायसुद्धा पोर्ट, बिल ऑफ एंट्री नंबर आणि तारीख टाकून कुणालाही हे स्टेटस बघता येतं, फुकट, मोबाइलवर. ९ जूनच्या रात्री मी ते बघितलं असतं तर मला तिथेच कळलं असतं.

७ तारखेला आउट ऑफ चार्ज मिळालं, १० तारखेला रिकामा कंटेनर परत गेला. कंटेनरचं डिटेन्शन (उशिरा परत केल्याचं शिपिंग लाइनचं भाडं) जीएसटी धरून १ लाख २ हजार, सीएफएसचे ५८ हजार, उशिराचं १५ टक्क्यांनी व्याज फक्त चार हजार चारशेच्या आसपास. त्याने भीती घातली होती ती व्याजाची. ड्यूटी दुसऱ्यांदा भरलेली आणि त्याची फी धरून सहा लाख तीस हजारांच्या आसपास खड्ड्यात गेले. आयजीएसटीचं क्रेडिट मिळालं ते अर्थात एकदाच, जे खरंच सरकारात भरलं त्याचं. पहिले तीन लाख सरकारात गेलेच नव्हते तर क्रेडिट कशाचं मागणार.

पोलिसात पहिल्या दिवशी सांगितलं की हा पैशाच्या देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणीत जा. बनावट चलन आणि कोरं लेटरहेड वापरून केलेलं पत्र दोन्ही समोर ठेवल्यावर, आणि वकील बरोबर नेल्यावर, फसवणूक आणि बनावट कागदपत्र अशी कलमं लावून एफआयआर झाला, तोवर ऑगस्ट उजाडला. १९३० या हेल्पलाइनला आम्ही २६ जूनलाच फोन केला होता, त्यामुळे खातं गोठवलं, पण त्यात फक्त ४१ हजार उरले होते, बाकी दुसऱ्याच दिवशी तीन खात्यांत फिरलेले. हा फोन पहिल्या काही तासांत केला तर पैसे सापडायची शक्यता असते, सतराव्या दिवशी नाही. ते ४१ हजार कोर्टातून सुटायला आठ महिने लागले. केस चालू आहे, तारखा पडतात, मी प्रत्येक तारखेला जाते.

आता आमच्याकडे नियम असा की ब्रोकरची फी वेगळी, त्याच्या फर्मच्या नावाच्या जीएसटी बिलावरच. ड्यूटी आमच्या लॉगिनने. शिपिंग लाइन आणि सीएफएसचे पैसे त्यांच्या-त्यांच्या इनव्हॉइसवर थेट. कोरा कागद कुणालाही नाही. आणि फाइल द्यायच्या आधी लायसन्स ज्या फर्मचं आहे तिथल्या लँडलाइनला आपण फोन करायचा आणि विचारायचं की हा माणूस तुमच्याकडे आहे का. आम्ही २०२४ला दुसरं मशीन आणलं, चार दिवसांत भोसरीत होतं.

गेल्या महिन्यात भावाला एका ग्रुपवर मेसेज दिसला, न्हावा शेवा, मुंद्रा, ऑल इन्क्लुझिव्ह रेट, ड्यूटी आम्ही भरतो, तुम्ही फक्त माल उतरवून घ्या. नंबर वेगळा, तोच माणूस की दुसरा ते माहीत नाही. खाली चौदा जणांनी रेट विचारलेला. मी त्या चौदा जणांना एकेक करून मेसेज केला, सहा जणांचं उत्तर आलं. त्यातल्या सांगलीच्या एकाचा कंटेनर आदल्या दिवशीच उतरला होता आणि पैसे तो सकाळी टाकणार होता. रात्री साडेदहाला त्याला फोन करून आइसगेट उघडायला लावलं आणि स्टेटस मोठ्याने वाचायला सांगितलं.