पितळी महाकाल, सहा हातांचा: चारच तारे

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नॉरग्येलिंग वसाहत आहे. तिकडून येताना रस्त्यावरच्या एका दुकानातून महाकालाची, म्हणजे तिबेटी बौद्धांच्या रक्षक देवतेची, वीतभर उंचीची ही मूर्ती घेतली. १८०० सांगितले, १५०० ला पटली.

घरी आणली तर आई म्हणे, "काहून आणलं रे हे? बुद्धाच्या घरी राक्षस?" तिचंही खरं. आमच्या विहारातले बुद्ध डोळे मिटून शांत बसलेले. हा तीन डोळे वटारून, दात विचकून उभा.

मग तिला एकेक दाखवलं. मुकुटातल्या पाच कवट्या म्हणजे राग, लोभ, मोह, गर्व, मत्सर. ते पालटून पाच ज्ञानं होतात. हातातली वाकडी सुरी 'मी'पणा कापायला. मागच्या ज्वाळा ज्ञानाच्या. आणि मुख्य गोष्ट, तिबेटी परंपरेत हा सहा हातांचा महाकाल करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, त्याचंच उग्र रूप मानतात. आई म्हणाली, "म्हणजे मायचंच रागावणं." यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

काम बारीक आहे, कवट्यांचे दातसुद्धा मोजता येतात. पण डमरूचा हात झाळून जोडलेला, सरळ दिसतं. ज्वाळांच्या खाचांत धूळ बसते, जुना दातांचा ब्रश लागतो. एक तारा त्याचाच कापला.

आम्ही पुजत नाही, टीव्हीच्या फळीवर ठेवलाय.