रद्दीतलं भुताचं जहाज

खडेबाजारातून आत वळलं की हे जुन्या पुस्तकांचं दुकान. बाहेरून भंगारवाल्याचंच वाटतं. एकच बल्ब, स्टूलही नाही. पण चाळीस रुपयांत जुन्या रविवार पुरवण्यांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा मिळाला, म्हणून चार तारे.

वरच्याच पानावर ‘मेरी सेलेस्ट’: ओसाड जहाज, होड्या जागच्या जागी, टेबलावर वाफाळता चहा! मालक म्हणाले, “खरं हाय की वो, पेपरात आलंय.”

तीच तर गोम. १८७२च्या डिसेंबरात अटलांटिकमध्ये जहाज सापडलं तेव्हा कसला चहा नि काय. दहा माणसं गायब होती, होडीही गायब होती. स्पिरिटची १७०१ पिंपं मात्र आत होती. १८८४मध्ये शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलनी जहाजाचं नाव ‘मारी’ करून त्यावर गोष्ट रचली, काहींना ती खरीच वाटली. मग पेपरवाले एकमेकांचं उचलत गेले, दरवेळी थोडा मसाला जास्त.

एक तारा कापला, कारण लेखाचं शेवटचं पान कसरीनं खाल्लंय. बदलून मागितलं तर उत्तर आलं, “रद्दी परत घेत न्हाई, काका.” पिशवी घरून न्या, सुतळी कच्ची असते.