राउटरचा मिनी यूपीएस: नऊ महिने झाले, आता बोलतो

आधी तो निळा दिवा. लाइट गेली की राउटर चालू ठेवणारी, तळहातावर मावणारी डबी, पण दिवा असा की रात्री अख्खा हॉल निळा. पाहुणे आले की मी हॉलमध्ये झोपतो, तेव्हा तर डोळ्यांवर पंचा घ्यायचा.

घेतला १,२०० रुपयांना. आमच्याकडे दर आठवड्याला मेंटेनन्सच्या नावाखाली लाइट जाते. नुसत्या नेटसाठी इन्व्हर्टर-बॅटरी घ्यायची आमची ऐपत असली तरी इच्छा नाही. बायकोचं ऑफिस घरून, पोराचा क्लास ऑनलाइन. पण खरं सांगू का, आईचा मावशीबरोबरचा व्हिडिओ कॉल मध्येच तुटला की घरात जे होतं, त्यासाठी घेतला.

आत १८६५० मापाचे तीन गोल लिथियम सेल, प्रत्येकी २००० एमएएचचे, म्हणजे मिळून साधारण बावीस वॅट-तास. राउटर आठ वॅट खातो, म्हणजे हिशेबाने पावणेतीन तास. मला अडीच मिळत होते, तक्रार नाही. फायबरची तार जिथे येते तो डबा आणि राउटर वेगळे असतील तर मात्र दोन्हींना एकदम जोडता येईल अशी दोन टोकांची वायर घ्या, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद.

सातव्या महिन्यात बॅकअप चाळीस मिनिटांवर आला. कस्टमर केअर म्हणे, घड्याळ दिसेल असा अखंड व्हिडिओ पाठवा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ! तो अपलोड होत असतानाच यूपीएस बंद पडला. त्याच रागात एक स्टार देऊन मोकळा झालो.

मग त्यांनी जागेचा फोटो मागितला. काढायला गेलो तर डबीवर क्रोशाचा रुमाल, दुहेरी घडी घातलेला. हात लावला तर चटका. लिथियमच्या सेलना उष्णता म्हणजे विषच, आणि हा अख्खा उन्हाळा तसाच गेलेला.

"आई, हे काय?"

"तूच रोज ओरडत होतास ना दिव्यापायी?"

फोटो रुमाल काढूनच पाठवला. वॉरंटी वर्षाची होती, नवीन पीस आला. कुरिअरचे १५० रुपये मात्र माझ्याच खिशातून. आता दिव्यावर काळी टेप आहे, तीन पदरी. कडेने उजेड झिरपतोच.

एकाचे चार स्टार केले. पाचवा त्या दिव्याचा. रुमाल सध्या सेट-टॉप बॉक्सवर आहे.