अडकलेली पुशबॅक सीट : दुरुस्तीनंतरचे सात महिने

ऑक्टोबरात गाणगापूरहून परतताना आईची सीट मागे गेली ती गेलीच. सीटच्या हातावरचं बटण दाबलं की नुसतं 'टक' वाजायचं, पाठ काही वर येईना. अक्कलकोटपासून सोलापूरपर्यंत आई गाडीच्या छताकडे बघत आली. "मला काय दवाखान्यात घेऊन चाललास का रे?" हे तीनदा विचारून झालं.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागे झोपायला गाद्या, कडेला स्वयंपाकाचा प्लायचा ओटा, पुढे दोन पुशबॅक सीटा. सीटवाल्याने वरवर बघूनच सांगितलं, "पाठ वर-खाली करणारा सीटखालचा सिलिंडर गेला, सीटच बदला," आणि 14,000 चा आकडा टाकला. मी गाडी घेऊन थेट रिक्षा दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो.

मामांनी सीटखाली हात घातला आणि सिलिंडरच्या टोकाची छोटी पिन स्क्रूड्रायव्हरने दाबली. पाठ धाडकन वर! (असं करताना पाठीवर कुणीतरी हात दाबून धरा, नाहीतर नाकावर बसते.) म्हणजे सिलिंडर ठणठणीत. त्यातला दाबाखालचा वायू पाठ वर ढकलतो, पण पिन दबल्याशिवाय कुलूप सुटत नाही. पिन दाबायचं काम बटणापासून पिनेपर्यंत जाणाऱ्या केबलचं, आणि आमची केबल ओट्याच्या फळीखाली चेपून दुमडली होती. ओटा बसवणाऱ्याने तिच्यावरच स्क्रू आवळलेला. मामांनी मोटरसायकलची क्लच केबल मापाला कापून बसवली. केबल आणि मजुरी धरून 350 रुपये.

पुढची चूक माझी. केबल जरा ढिली वाटली म्हणून घरी नट आवळला. पिन कायम अर्धवट दबलेली राहिली आणि पंढरपूरच्या वाटेवर ब्रेक सोडला की पाठ आपोआप मागे. आईचा चहा साडीवर. बटणाला एक-दोन मिलिमीटर मोकळी हालचाल हवीच, तेवढी ठेवून नट परत लावला. तेव्हापासून कुरकुर नाही.

वंगणाचा धडा मात्र उशिरा मिळाला. गंज सोडवणारा स्प्रे मारून खूश होतो, पण तो महिन्याभरात उडाला आणि सांधा पुन्हा करकरू लागला. मग बिजागरीच्या खिळ्याला बोटभर ग्रीस लावलं, तर इथल्या धुळीने त्याचा काळा चिखल झाला. त्यात कडक भाकरीचा चुरा! आमच्या घरात प्रवास म्हणजे शेंगा चटणी आणि कडक भाकरी, तेव्हा सीटच्या सांध्यात काय सापडेल सांगायला नको. आता दर महिन्याला जुन्या ब्रशने झाडतो, फडक्याने पुसतो आणि ग्रीस नखावर मावेल एवढंच लावतो.

मे महिन्यात गाडी उन्हात तापली की बटण जरा जड लागतं, एवढं सोडलं तर काम चोख. केबल नीट ढिली ठेवूनही तुमची सीट बटण न दाबताच हळूहळू मागे खचत असेल किंवा सिलिंडरवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो खरंच गेलाय, बदलाच. तो उघडायचा किंवा तापवायचा उद्योग अजिबात नको, आत दाब भयंकर असतो.

आता शेजारची, माझी सीटही 'टक' करायला लागली आहे. तिची केबल त्याच फळीखालून जाते. या रविवारी आधी फळी काढतो.