सहा चॅनेलचा जुना रेकॉर्डर घेताना झालेली फसवणूक

भजनाचं रेकॉर्डिंग जागेवर जाऊन, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं आणि खिशाला परवडायलाही हवं, अशा वेळी नजर झूम एच-6 या हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर, तोही जुना, जाते. यंत्र चांगलंच आहे. आमच्या गटाला फसवलं ते विकणाऱ्यानं, आणि तसल्याच जाहिराती अजून दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरात होती ‘एका वेळी सहा कंडेन्सर माइक’ अशी. कंडेन्सर म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, पण चालायला वीज लागणारा माइक. सोबतच्या व्हिडिओत आवाजाची पातळी दाखवणारे सहाही मीटर हलत होते. पण एच-6 च्या अंगावर एक्सएलआरचे (माइकची तीन पिनांची केबल लागते ते) सॉकेट चारच, दोन्ही बाजूंना दोन-दोन. उरलेले दोन सॉकेट ईएक्सएच-6 नावाची वेगळी जोडायची कॅप्सूल देते. ती वरच्या माइकच्या जागी बसते. तिच्यातून फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारी वीज, मिळत नाही, त्यामुळे फँटमवर चालणारा कंडेन्सर तिथे मुकाच राहतो. व्हिडिओत त्या दोन जागी डायनॅमिक माइक होते. त्यांना फँटम लागतच नाही, मग मीटर हलणारच! माइक मात्र फ्रेमबाहेर ठेवलेले. ही सरळसरळ लबाडी आहे.

पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना डायनॅमिक लावून ते कॅप्सूलला जोडले आणि बुवा, पेटी, टाळ, कोरस यांचे कंडेन्सर चार सॉकेटना, तर काम भागतं. सहा कंडेन्सरची किंमत मोजायचं मात्र काही कारण नाही.

चार सॉकेटपैकी एकाचं फँटमही अर्धवट निघालं. माइक लागायचा, पण आवाज बारीक आणि फाटका. हे नुसतं मीटर बघून कळत नाही. यंत्र हातात आलं की पैसे देण्याआधी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, फँटम 48 वर चालू करा. केबलच्या माइककडच्या टोकाला तीन भोकं असतात, शेजारी बारीक आकडे. 1 आणि 2 मध्ये मोजा, मग 1 आणि 3 मध्ये. दोन्हीकडे 44 ते 52 व्होल्ट हवेत. आमच्याकडे 2 ला 48 होते, 3 ला शून्य. चारही सॉकेट असेच तपासा. मग हेडफोन लावून प्लग हलकेच हलवा आणि गेनची (माइकचा आवाज कमी-जास्त करणारी) बटणं सावकाश फिरवा. खरखर आली तर सॉकेटचा सोल्डरचा टाका सुटलाय किंवा बटण झिजलंय.

सगळ्यात घातक होतं ते ‘फुकट’ दिलेलं 128 जीबीचं कार्ड. आत खरी जागा 8 जीबीच. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ या दर्जावर सहा ट्रॅक तासाला साधारण 3.1 जीबी खातात, म्हणजे अडीच तासांनंतरचं सगळं वाया. रेकॉर्डरला पत्ता लागत नाही: घड्याळ पुढे सरकतं, फाइलींची नावं दिसतात, उघडल्यावर आत शांतता किंवा कचरा. रात्रभराच्या भजनातली पहाटेची भैरवी अशी गेली तर परत कुठून आणणार? कार्ड नवं असो वा जुनं, संगणकावर एच2टेस्टडब्ल्यू किंवा एफ3 हा मोफत प्रोग्रॅम लावून काठोकाठ भरून तपासा. वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही.

‘आधी यूपीआय करा, मग कुरियर करतो’ म्हणणाऱ्याचा नाद सोडा. पैसे गेलेच असतील तर जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. दुकानातून घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.