अणुवीज की कोळसा? नागपुरात बसून मांडलेला हिशेब

फाटक पडलं की मी डबे मोजतो, जुनी खोड. कोळशाच्या गाडीचे अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे जाईस्तोवर सगळे घाम पुसत उभे. एका गाडीत जेमतेम चार हजार टन. कोराडीच्या वीजकेंद्रातला 660 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला नऊ-दहा हजार टन कोळसा खातो, म्हणजे रोज अडीच गाड्या. 700 मेगावॉटच्या भारतीय अणुभट्टीला युरेनियम लागतं वर्षाला शंभर-सव्वाशे टन. असले दोनच डबे, तेही वर्षातून एकदा.

म्हणून अणुवीज चांगली की वाईट हा प्रश्न नागपूरकराने मोघम विचारूच नये. कोराडी, खापरखेडा, मौदा ही कोळशाची वीजकेंद्रं आपल्या आसपासच आहेत. तुलना त्यांच्याशी.

आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. शहराच्या उत्तरेला राहणारी मावशी कुरडया वाळत घालते तेव्हा वर जुनी साडी पसरते. संध्याकाळी त्या साडीवरून बोट फिरवलं की राखाडी रेघ उमटते. तरी तिचा कौल कोळशालाच. ‘राख तं झटकता येते रे. ते किरण दिसतात तरी का?’

आकडे मावशीच्या विरुद्ध जातात. अपघात आणि प्रदूषण दोन्ही धरून केलेला एक जागतिक अंदाज असा: शंभर कोटी युनिट विजेमागे कोळशाने साधारण पंचवीस माणसं दगावतात, अणुविजेने 0.03. यात चेर्नोबिल आणि फुकुशिमाचे अणुअपघातही आले. कोळशाचे बळी दम्याच्या, हृदयविकाराच्या नावाखाली एकेक करून जातात, त्यांची बातमी होत नाही.

पण तिची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. 1986 मध्ये चेर्नोबिलभोवती 30 किलोमीटरचा परिसर रिकामा करावा लागला. कोराडीला कंपासचं टोक ठेवून तेवढं वर्तुळ काढा, सीताबर्डीसकट जवळपास सगळं नागपूर आत येतं. अशी वेळ येण्याची शक्यता फार कमी, पण आलीच तर पंचवीस-तीस लाख माणसं नेणार कुठे? वापरलेल्या इंधनातला घातक भाग आपल्याकडे काचेत गोठवून ठेवतात. तो हजारो वर्षांसाठी पुरायची कायमची जागा अजून देशात नाही.

पाण्याचंही तसंच. तेवढ्याच विजेसाठी अणुकेंद्राला थंड ठेवायला कोळशाच्या केंद्रापेक्षा जास्त पाणी लागतं. इथे आधीच शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीला द्यावं लागतं. तारापूरच्या अणुकेंद्राला समुद्र आहे, आपल्याकडे पेंच नदी, आणि तीही मे महिन्यात कशी असते ते ठाऊक आहेच.

माझ्या मते अणुविजेची खरी दुखरी नस किरणोत्सार नाही, वेळ आहे. गुजरातमधल्या काक्रापार अणुकेंद्राच्या तिसऱ्या संचाचं काम 2010 मध्ये सुरू झालं, व्यावसायिक वीज मिळाली 2023 मध्ये. सहा संच आणि 10,380 मेगावॉटचं कोकणातलं नियोजित जैतापूर केंद्र इतकी वर्षं गाजतंय, युनिटभर वीज नाही. तोवर अडकलेल्या पैशाचं व्याज शेवटी युनिटच्या दरातच येतं. एकदा सुरू झालं की मात्र केंद्र चाळीस-पन्नास वर्षं रात्रंदिवस चालतं. 1969 चं तारापूर त्याला साक्ष आहे.

सौर सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारी. गच्चीवर बसवा, दिवसाचं बिल उतरतं. पण आपला कूलर रात्री दोनलाही चालतो, तेव्हा बॅटरी किंवा दुसरी वीज लागतेच.

कोराडीत आणखी दोन 660 चे संच टाकायच्या प्रस्तावावर 2023 मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा हाच पेच होता. मला विचाराल तर नव्या कोळशाला माझा विरोध आणि नागपूरजवळच्या अणुकेंद्रालाही. किनाऱ्यावर, गावकऱ्यांना पटवून, होत असेल तर अणुवीज जरूर घ्यावी. पण ती यायला दहा-बारा वर्षं धरा. तोवर सौर आणि बॅटरी. मावशीला मी गच्चीचं माप घेऊन दिलंय. कुरडयांना जागा उरेल का, एवढंच तिने विचारलं.