वाशीचं थेरपी सेंटर: ऑटिझमचा रिपोर्ट घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्या आईबापांसाठी

वाशी सेक्टर 9 मधल्या या सेंटरला आम्ही वर्षाच्या वर जातोय. पोरगा आता साडेचार वर्षांचा आहे. ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय आणि जे रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर जवळची थेरपी सेंटरं शोधत बसलेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय. 'छान आहे, स्टाफ प्रेमळ आहे' एवढं वाचून त्या वेळी आम्हाला काहीच कळत नव्हतं.

माझं मत आधीच सांगतो. इथले झोपाळे, बॉलपूल, रंगीत भिंती बघून भाळू नका, त्या सगळीकडे असतात. हे सेंटर चांगलं आहे कारण इथं आईबापांना काम शिकवतात. पोरगं आठवड्यातले दोन-तीन तास थेरपिस्टकडे असतं आणि उरलेला सगळा वेळ आपल्याकडे. त्या उरलेल्या वेळेत जेवताना, अंघोळ घालताना, रिक्षात बसल्यावर काय करायचं हे जिथं सांगत नाहीत, तिथं फी भरून फार काही हाती लागत नाही.

मी एपीएमसीत दाणाबंदरातल्या एका पेढीवर हिशेब लिहितो. त्यामुळे पहिल्याच भेटीत विचारलं, खर्च किती आणि किती दिवस? सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, "किती दिवस हे मी सांगणार नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण पुढच्या तीन महिन्यांत आपल्याला काय दिसायला हवं, ते लिहून देते." त्याच आठवड्यात फोनवर दुसऱ्या एका ठिकाणानं सहा महिन्यांत बोलायला लागेल म्हणून सांगितलं होतं आणि सगळं पॅकेज आगाऊ भरायला लावत होते. मॅडमचं ते 'सांगणार नाही' ऐकलं आणि मला इथं विश्वास बसला.

लिहून देते म्हणाल्या आणि खरंच दिलं. प्रत्येक मुलाची एक वही असते. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर होतं: आवडती वस्तू हवी असल्यास तिचं चित्र मोठ्यांच्या हातात देणे, दहापैकी सात वेळा, हात न धरता. त्याखाली तारखांचे रकाने आणि रोजचे आकडे. तीन आठवडे आकडा दोन-तीनवर अडकला, तेव्हा त्यांनी आपण होऊन बोलावून सांगितलं की चित्र बदलूया, काढलेल्या चित्राऐवजी खऱ्या वस्तूचा फोटो लावूया. मग आकडा सरकला. 'प्रगती चांगली आहे' असं मोघम मला इथं एकदाही ऐकावं लागलं नाही.

ते शिकवतात कसं, हे एका गोष्टीवरून सांगतो. सेशनमध्ये आईबापांपैकी एकानं आत बसायचं, असा नियम आहे. स्पीचच्या, म्हणजे बोलण्याच्या थेरपीच्या ताई बुटक्या टेबलापलीकडे पोरग्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसल्या. साबणाच्या फुग्यांची बाटली काढली, एकदा फुंकली. पोरगा हसला, फुगे फोडायला धावला. मग ताईंनी झाकण गच्च लावलं, बाटली त्याच्या हातात दिली आणि गप्प बसल्या. पोरग्यानं बाटली हलवली, झाकण चावलं, टेबलावर आपटली. माझा हात आपोआप पुढं गेला, तर ताईंनी नुसती मान हलवली. हळू आवाजात मला म्हणाल्या, "दादा, पाच मोजा." चारपर्यंत आलो असेन. पोरग्यानं बाटली त्यांच्या हातात ठेवली आणि क्षणभर त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ताईंनी लगेच "फुंक!" म्हणत झाकण उघडलं. ते बघणं किती वेळाचं होतं म्हणाल तर पापणी लवण्याएवढं. पण त्यानं मदत मागितली होती.

घरी आल्यावर बायकोनं शेंगदाण्याचे लाडू घट्ट झाकणाच्या बरणीत घातले. रोज चार वाजता तीच बरणी, तेच पाच मोजणं. त्याच्या हातानं आधी बरणी, मग फोटो यायला लागला. आता 'दे' असं तोंडानंही येतं. चित्रं दिली की पोरगं बोलायचा कंटाळा करेल, अशी भीती आमच्या घरातही होती. मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की चित्रानं बोलणं अडत नाही, उलट मागायची सवय लागते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील माथाडी कामगार होते, म्हणून कोपरखैरण्याला आलो. घरात मराठीच. पोरगा पुढं इंग्रजी शाळेत जाणार तर घरी इंग्रजीच बोला, म्हणजे गोंधळ होणार नाही, असं आम्हाला दोघातिघांनी सांगितलं होतं. माझ्या आईनं काय करायचं मग, नातवाशी बोलायचंच नाही? मॅडम म्हणाल्या, तुम्ही ज्या भाषेत लाड करता, रागावता, गाणी म्हणता, त्याच भाषेत बोला. सेशनही मराठीत होतं. आई तेव्हापासून पुन्हा मोकळेपणानं त्याच्याशी बोलते.

वडिलांना, म्हणजे आबांना, हे निदानच मान्य नव्हतं. "तुझा चुलता पाच वर्षांचा होईस्तोवर कुठं बोलला होता?" हे त्यांचं पालुपद. मॅडमनी वाद घातला नाही. पुढच्या वेळी आजोबांना आत बसवा, एवढंच म्हणाल्या. आबा आत बसले, बाहेर येऊन काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून संध्याकाळी गार्डनमध्ये झोपाळा ढकलताना ते मध्येच झोपाळा धरून थांबवतात आणि पोरग्याच्या तोंडाकडं बघत मनात मोजतात. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्यासाठी वेगळं सेशन मागून घ्या. इथं देतात.

नवीन येणाऱ्यांना मॅडम पहिलं विचारतात ते कानाच्या तपासणीचं. आमच्या पोरग्याला हाक मारली तर बघायचा नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पळायचा, म्हणून ऐकू येतंच असणार असं आम्ही धरलं होतं. तरी त्यांनी बेरा टेस्टचा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते बघणारी तपासणी) रिपोर्ट बघितल्याशिवाय स्पीच सुरू केलं नाही. हे बरोबरच आहे. ऐकण्यातली अडचण आधी बाजूला काढली नाही, तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

औषधानं किंवा कुठल्या इंजेक्शननं हे बरं होतं का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आमच्याकडं नात्यातल्या एकानं स्टेम सेलचं सुचवलं होतं, लाखांत खर्च. मॅडमनी स्वच्छ सांगितलं, ऑटिझम हा रोग नाही, तो बरा करणारं औषध नाही आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं म्हटलंय. झोप, फिट येणं, पोट साफ न होणं यांसाठी डॉक्टर औषध देतात, ते वेगळं. जमीन विकून असल्या उपचारांमागं जाऊ नका, हे मी माझ्याकडूनही सांगतो.

थेरपिस्टची प्रमाणपत्रं भिंतीवर लावलेली आहेत. तुम्ही कुठंही गेलात तरी बघून घ्या. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असावी लागते, ऑक्युपेशनल थेरपिस्टची (ओटी, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली शिकवणारे) महाराष्ट्राच्या ओटी-पीटी परिषदेकडं. नंबर मागितल्यावर कुणी नाराज झालं तर तिथून उठा.

आता पैशाचं आणि कागदांचं. स्पीच 45 मिनिटांचे 800 रुपये, ओटी 700. कमी नाहीत. पण पॅकेजची सक्ती नाही, आणि पावती नीट देतात: मुलाचं नाव, तारीख, थेरपीचा प्रकार, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, शिक्का. ही पावती का महत्त्वाची? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्य विम्यात ऑटिझम असलेल्या मुलाला वर्षाला 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात, फक्त प्रत्येक प्रकाराला वेगळी मर्यादा आहे. आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून परत मिळवायचे, म्हणून पावती हवी.

त्यासाठी आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ऑटिझमसाठी इसा नावाची 40 प्रश्नांची चाचणी घेतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. लहान मुलाला बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्रमाणपत्र काढलं की पोरग्यावर शिक्का बसेल, असं माझ्या सासरकडच्यांना वाटत होतं. ते घरात कपाटात राहतं, आपण दाखवलं तरच कुणाला दिसतं.

नोकरदारांनी अजून एक बघा. जुन्या करपद्धतीत राहिलात तर अपंग मुलासाठी आयकरात 75,000 रुपयांची वजावट मिळते (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80 डीडी), अपंगत्व 80 टक्के किंवा वर असेल तर 1,25,000. खर्च प्रत्यक्षात किती झाला ते त्यात बघत नाहीत. ऑटिझमसाठी ठरलेला फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, तेव्हा दोन्हीकडचा हिशेब मांडूनच ठरवा.

हे कागदांचं मला इथल्याच पालक सभेत कळलं. महिन्यातल्या एका शनिवारी ती असते आणि तिची वेगळी फी नाही. जुने पालक आपापल्या फायली घेऊन येतात, कुठली झेरॉक्स लागते इथपर्यंत सांगतात. तिथंच मॅडमनी एका रिक्षावाल्या दादांना, फी झेपत नाही म्हटल्यावर, वाशीतलं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आणि खारघरचं केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र, दोन्हींची माहिती लिहून दिली. आपलं गिऱ्हाईक जाईल याचा विचार केला नाही. तुम्हालाही फी जड जात असेल तर आधी तिथं चौकशी करा.

उणिवाही आहेत. बसायची जागा अगदी अरुंद, सहा खुर्च्या. आतून एखादं मूल जोरात रडलं की बाहेरची दोन मुलं रडायला लागतात, आणि आवाज न सोसणाऱ्या मुलांच्या सेंटरमध्ये हे चालायला नको. एखादी शांत खोली हवीच. मी दोनदा सांगितलंय, अजून झालेलं नाही. ओटीच्या ताई मध्येच बदलल्या, आम्हाला आदल्या दिवशी कळवलं. आमच्या पोरग्याला नवीन माणूस पचायला महिना गेला. निदान दोन सेशन जुन्या आणि नव्या ताई एकत्र बसायला हव्या होत्या. संध्याकाळी सहानंतरचे स्लॉट मिळत नाहीत, त्यामुळे दोघंही नोकरी करणाऱ्यांची ओढाताण होते. आदल्या रात्री ताप आला तरी रद्द केलेल्या सेशनचे अर्धे पैसे कापतात, हे मला पटत नाही.

शाळेच्या बाबतीत मदत ठीकठाक. बालवाडीच्या बाईंना द्यायला एक पानाचं पत्र करून दिलं: पोरगा कशानं घाबरतो, कसं मागतो, रडला तर काय करायचं. पत्र चांगलं होतं. शाळेत स्वतः येऊन बघायला मात्र त्यांच्याकडं माणूस नाही.

जाणार असाल तर दुपारी दोन ते चारमध्ये फोन करा, तेव्हा मॅडम स्वतः उचलतात. सकाळचे स्लॉट जूनच्या आधीच भरतात. पहिल्या भेटीला डॉक्टरांचा रिपोर्ट, कानाचा रिपोर्ट आणि घरी काढलेले पोरग्याचे दोन-तीन व्हिडिओ न्या: जेवतानाचा, खेळतानाचा आणि चिडल्यावरचा. नव्या जागी पोरं वेगळीच वागतात, व्हिडिओवरून त्यांना खरं कळतं. नवरा-बायको दोघंही जा. पोरग्याच्या आवडीचा खाऊ सोबत ठेवा, पण डबा त्याच्या हातात देऊ नका. ताई आधी तोच मागून घेतात.